आक्षेपार्ह बोंबे

माजं नाव लंका. लंका भिमाजी बोंबे. हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबते. मागनं तोंड दाबून हसणारी माणसं मला आवडत न्हाईत.

झालं? आता ऐका.

वारूळवाडीत द्राक्षाचं पॅकहाऊस हाय. बागांमधनं माल येतो, आमी बाया टेबलाला उभ्या राहून बारक्या कात्रीनं घडातलं खराब मणी काढतो, घड डबीत भरतो, आन् डब्या थंड गाडीत बसून परदेशी जातात. अकरा सीझन झाले मला तिथं. घडाकडं बगायचीसुदिक गरज लागत न्हाई, बोटांनाच कळतं कुठला मणी फुटणार हाय. माज्या टेबलाचा माल अकरा वर्षांत एकदा परत आला न्हाई. ही फुशारकी असंल तर असंल, कमावलेली हाय.

यंदा संक्रांत झाली आन् गेटावर हजेरीचं यंत्र बसलं. ताटाएवढं काळं, भिंतीला टांगलेलं. समोर तोंड धरायचं, ते तोंड ओळखतं, बाईच्या आवाजात नाव घेतं आन् मग गेटाचा दांडा फिरतो. बसवलं मोहित सरांनी. मोहित सर म्हंजी ऑफिसात कामगारांचे कागद बगणारे, पुण्याहून आलेले. माणूस वाईट न्हाई. फक्त समोर उभ्या बाईपेक्षा स्क्रीनवरच्या बाईवर त्यांचा विश्वास जास्त.

नावं भरली व्हती इंग्रजी अक्षरांत, आन् यंत्रातल्या बाईला मराठीचा गंध न्हाई. पहिल्या दिवशी गोजरबाई पुढं झाली. गोजरबाई माज्या टेबलावरची जोडीदारीण, साठीला टेकलेली. यंत्र म्हणलं, “गोजर, बाय!” गोजरबाई बिचारी मागं वळली आन् घराकडं चालू लागली.

“अगं, कुठं चाललीस?”

“ती बाय म्हणली ना. काम नसंल आज.”

जुन्नरहून झुबेदा येती, तिचं तर यंत्र नुसतं ‘झू’ म्हणायचं आन् पुढं गप्प. झुबेदा म्हणली, “वीस वर्षांत माझ्या नवऱ्यानं एवढ्या लाडानं हाक मारली नाही, मशीननं मारली.” आमचे सुपरवायझर दादाभाऊ गाढवे. त्यांचं यंत्रानं सरळ ‘दादाभाऊ गधा वे’ केलं. तवापासनं दादाभाऊ यंत्रापुढं उभे राहिले की त्यांना ठसका लागतो. रोज सकाळी आठला, ‘दादाभाऊ’च्या नंतर बरोबर. औषध घेता का म्हणून विचारलं तर चिडतात.

आमी पोट धरून हसायचो. मग माजा नंबर आला.

मोहित सर एकेक अक्षर दाबत व्हते. लंका झालं, भिमाजी झालं. मग बी, ओ, एम, बी. पुढची ई दाबायच्या आत स्क्रीन लाल झाली आन् यंत्र टुंई टुंई करून कोकलायला लागलं.

“काय झालं ओ सर?”

“मावशी, ते... तुमच्या नावात बाँब आहे.”

“बोंब हाय,” मी म्हणलं. “बाँब न्हाई. बाँब फुटतो, बोंब ठोकतात. लई फरक हाय.”

“सिस्टीमला तो कळत नाही ना. हे सॉफ्टवेअर मोठमोठ्या ठिकाणी वापरतात, त्यामुळं काही शब्द बंदच ठेवलेत. त्यात तुमचं आधी लंका आणि पुढं बाँब...” त्यांना हसू आवरंना. मला बी आवरलं न्हाई, खोटं कशाला सांगू. लंका आन् बाँब! मारुतीरायाचं कामच हलकं झालं असतं.

हसून झाल्यावर मी म्हणलं, “मग अक्षर बदलून टाका.”

“आधारकार्डाशी जुळलं पाहिजे.”

“नुसतं लंका भिमाजी लिवा.”

“आडनावाचा रकाना रिकामा चालत नाही.”

“मग ज्यांनी हे यंत्र धाडलं त्यांना फोन लावा की.”

“मावशी, ती कंपनी बंगळुरात आहे. एका नावासाठी कोणी सिस्टीम बदलत नसतं.”

हे ‘एका नावासाठी’ ध्यानात ठिवा, पुढं लागणार हाय.

तवर सोय म्हणून त्यांनी मला एक कार्ड दिलं. गळ्यात अडकवायचं, लाल फितीचं. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘पाहुणा’. गेटावर एका वहीत सही करायची, रखमाजी वॉचमननं बाजूचं फाटक उघडायचं आन् मी आत जायचं. अकरा वर्षं जिथं मणी कातरले, तिथं मी पावणी! टेबलावर बायांना तर चेवच आला. “पावणं, कवा आलात? पाणी घेता का? जेवूनच जावा.” मी बी म्हणायची, “मानपान नीट करा, न्हाईतर रुसून जाईन.” महिनाभर हसण्यावारी नेलं.

मग फाल्गुन लागायच्या सुमाराला मोहित सरांनी एक टाईप केलेला कागद माज्या पुढ्यात ठेवला. पाडव्यापासनं वही बंद, पावण्याचं कार्ड बंद, ज्याचं नाव यंत्रात त्यालाच गेट उघडणार. माज्यासाठी त्यांनी तोड काढली व्हती: माहेरचं आडनाव लावायचं, आधार बदलायचं, आन् त्यासाठी ह्या कागदावर सही करायची. कागदावर लिवलं व्हतं, ‘माझे आडनाव आक्षेपार्ह असल्याने मी स्वखुशीने ते बदलून कोरडे हे आडनाव लावू इच्छिते.’

बोरी बुद्रुकच्या कोरड्यांची मी लेक. सातवी शिकले. बाकी सगळं वाचता आलं, पण त्या ‘आक्षेपार्ह’ला अडखळले. झुबेदा दहावी झालेली, तिला विचारलं.

“म्हणजे ज्याला नावं ठेवावीत असं,” ती म्हणली.

“नावालाच नावं ठेवलीत व्हय!” मला असा राग आला की कात्रीखाली चांगला मणी कापला गेला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. “सर, सही करणार न्हाई.”

“अहो मावशी, साधा कागद आहे. नाहीतर पाडव्यानंतर मी तुम्हाला आत घेऊ शकणार नाही. मला पण वाईट वाटेल.”

“वाईट वाटंल तुमाला, आन् घरी बसंन मी. चांगली वाटणी हाय.”

घरी गेले ती धुमसतच. आमी ऱ्हातो पेठला. आमचे मालक भिमाजी छोटा टेम्पो चालवतात, सकाळी भाजी घेऊन नारायणगावच्या बाजारात जायचं, वाटेत मला वारूळवाडीला सोडायचं. भाकरी वाढता वाढता त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, माज्याहून जास्त चिडतील. तर हे म्हणले, “कर की सही. काय जातंय?”

“काय जातंय? अवो, तुमचं नाव हाय ते!”

“म्हणूनच म्हणतो,” ताटातलं कालवण बोटानं फिरवत म्हणले. “काय सोनं लागलंय त्याला?”

तसं मला ठावं व्हतं. ह्या माणसानं जन्मात आपलं आडनाव मोठ्यानं सांगितलेलं न्हाई. दवाखान्यात विचारलं तर ‘भिमाजी, पेठचा’. टेम्पोच्या मागं लिवलंय ‘पेठवाले’. शाळेत पोरांनी बोंबल्या, बोंबिल, नको नको ते केलेलं. शिमग्याला अख्खा गाव होळीभवती उलटा हात तोंडावर मारून बोंबा ठोकतो, आन् हे मागं हाताची घडी घालून उभे. कुणीतरी म्हणणारच ना, ‘बोंब्या, तू तर घरचाच!’ म्हणून ह्यांनी बोंब मारायचंच सोडलं.

मी म्हणलं, “आपल्या लग्नातलं तांदळाचं ताट आठवतंय?”

त्यांचा घास तोंडाशी थांबला.

लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवानं अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिवायचं. माज्या सासूनं आधीच ठरवलं व्हतं, स्वाती. म्हणली, “लंका घरात आली तर आग लागंल घराला.” मांडवात सगळे हसले. मी मुंडावळ्यांच्या आड खाली मान घालून बसलेली, अठरा वर्षांची, रडू गिळत. आन् ह्या मुखदुर्बळ माणसानं तांदूळ सारखे केले, अंगठी धरली आन् सावकाश लिवलं: लंका. भटजी म्हणले, अहो चुकलात. हे म्हणले, “न्हाई. तिचं नाव हाय ते.” एवढंच. सासू आठ दिवस बोलली न्हाई.

“तवा माजं नाव तुमी राखलं,” मी म्हणलं. “आता तुमचं मी राखणार. तुमाला नको असलं तरी.”

“लंके, काम जाईल.”

“जाऊ दे गेलं तर. पण स्वखुशीनं म्हणून मी लिवून द्यायची न्हाई. माजी खुशी मला ठावं हाय, त्यांना कुणी सांगितली?”

हे उठले, ताट धुतलं आन् गप झोपायला गेले. मला वाटलं, आपला माणूसच आपल्या बाजूला न्हाई म्हणल्यावर भांडायचं कुणासाठी? रडले थोडी. मग म्हणलं, मेलं, माज्यासाठीच भांडीन. बोंबे आता मी बी हाय की. तेवीस वर्षं वापरलेलं नाव नुसतं सासरचं कसं ऱ्हाईल?

शिमगा झाला. दुसऱ्या दिवशी गेटावर यंत्रापुढनं जाताना मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी थांबले, उलटा हात तोंडावर मारला आन् यंत्राच्या तोंडावर एक बारकी बोंब ठोकली. बों-बों-बों! यंत्र म्हणलं, “प्लीज ट्राय अगेन.” मग काय, पुन्हा केला! रांगेतल्या बाया हसून आडव्या. दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं ठोकली, तिसऱ्या दिवशी झुबेदानं. दादाभाऊ ओरडले, “अहो, शिमगा झाला की!”

“शिमगा गेला तरी कवित्व उरतंय, दादाभाऊ. तुमचा ठसका कसा हाय?”

पाडव्याला आठ दिवस राहिले. दादाभाऊंनी माज्या टेबलावर कुणाला बसवायचं ते बगायला सुरवात केली. बोलले न्हाईत, पण दुसऱ्या टेबलावरच्या शीलाला दोनदा माज्या शेजारी उभी करून ‘बग कशी कात्री धरतात’ म्हणाले. मी शिकवलं तिला. तिचा काय दोष?

आन् त्याच आठवड्यात तपासणी आली. परदेशातले गिऱ्हाईक दरसाल माणूस धाडतात, इथं कामगारांना नीट ठेवतात का न्हाई बगायला. त्या माणसानं शेरा मारला तर माल अडतो. यंदा आरती मॅडम म्हणून आल्या व्हत्या, पांढरा कोट, हातात कागद लावलेली फळी, चेहऱ्यावरची माशी हलंना. दुपारी आगीची तालीम ठरली. भोंगा वाजला की सगळ्यांनी काम टाकून भाईर चिंचंखाली जमायचं, मोहित सर यंत्रावरनं माणसं मोजणार. सकाळपासनं तिघांनी तीनदा समजावलं.

मी मधल्या सुट्टीत भाकरी खात बसले व्हते. गळ्यातलं कार्ड कालवणात पडंल म्हणून उलटं केलं, तर मागं बारीक अक्षरांत नियम. दोन महिने गळ्यात मिरवलं, कधी वाचलं न्हाई. पाचवा नियम असा: ‘धोक्याच्या वेळी पाहुण्याने जागा सोडू नये. सोबतचा कर्मचारी घेऊन जाईपर्यंत थांबावे.’

मी तो दोनदा वाचला. मग भाकरी लई गोड लागली.

भोंगा झाला. भोंगा कसला, कुकरची तिसरी शिट्टी. बाया कात्र्या टाकून पळाल्या. गोजरबाईनं माजा हात ओढला, “चल गं बये, आग लागली!”

“खोटी हाय. तू जा. मला न्यायला माणूस येणार हाय.”

“कोन?”

“पावण्यांना न्यायला येतात ती माणसं.”

ती माज्याकडं वेड लागल्यासारखं बगत गेली. हॉल रिकामा झाला. पंखे बंद झाले. अकरा वर्षांत तो हॉल एवढा गप मी कधी ऐकला नव्हता. मी आपली कात्री चालवत बसले, मनात हसत. आत्ता येतील, आत्ता मोहित सर धापा टाकत येतील, मग त्यांना नियम वाचून दावीन.

कुणी आलं न्हाई.

भाईरनं मोहित सरांचा आवाज आला, खुशीतला. “एकशे अठ्ठेचाळीसपैकी एकशे अठ्ठेचाळीस! तीन मिनिटांत सगळे बाहेर, मॅडम!” आन् टाळ्या वाजल्या.

टाळ्या ऐकल्या आन् माजं हसू गेलं. मी आत व्हते. मी आत बसलेली, आन् भाईर सगळे आले म्हणून टाळ्या! खरी आग असती तर? तर बी एकशे अठ्ठेचाळीस भरलेच असते की. टाळ्या वाजवून लोक चहाला गेले असते. कात्री टेबलावर ठेवली, उभी राहिले, उलटा हात तोंडावर घेतला आन् बोंब ठोकली. ही बारकी नव्हती. पत्र्याचं छप्पर, रिकामा हॉल, आन् दोन महिन्यांचा राग. पोटाच्या तळापासनं मारली. चिंचंवरची पाखरं उडाली म्हणून गोजरबाई अजून सांगती.

टाळ्या थांबल्या.

पहिल्या आत आल्या त्या आरती मॅडम. मागं मोहित सर, तोंड चुन्यावानी. त्यांच्या मागं दादाभाऊ.

“तुम्ही बाहेर का आला नाहीत?” मॅडम म्हणाल्या.

“मी पावणी हाय.” कार्ड उलटं करून त्यांच्यापुढं धरलं. “पाच नंबर वाचा.”

त्यांनी वाचलं. मग माज्या अंगातला कोट बगितला, डोक्यावरची जाळी, टेबलावरची कात्री. “किती दिवस पाहुण्या आहात?”

“अकरा वर्षं झाली यायला. पावणी झाल्याला दोन महिने.”

“नाव काय तुमचं?”

मोहित सर मधी पडले, “मॅडम, ते जरा टेक्निकल—”

“त्यांना विचारलंय मी.”

आता नवऱ्यासकट नाव मोठ्या माणसापुढं घ्यायचं तर आमच्यात उखाणा लागतो. मी पदर सारखा केला आन् म्हणलं,

“मांडवाला काळ्या द्राक्षांचा घड लोंबे,
यंत्राला झेपंना तरी नाव घेते, भिमाजी बोंबे!”

दारात बाया जमल्या व्हत्या, एकच गिल्ला झाला. मॅडमच्या तोंडावरची माशी पहिल्यांदा हलली. हसल्या. पण हसून सोडून दिलं न्हाई. फळीवरच्या कागदावर त्यांनी माजं नाव लिवलं, आन् मला दाखवून विचारलं, “बरोबर आहे?” बी, ओ, एम, बी, ई. बरोबर व्हतं. मग मोहित सरांना म्हणाल्या, “ह्या बाईंचं नाव हजेरीत दिसलं पाहिजे. असंच, आहे तसं. मी शेरा मारलाय, आणि ते दिसल्याशिवाय तो काढणार नाही.” आन् गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहित सर माज्या टेबलाशी येऊन उभे. शेरा काढायचा तर हजेरीत माजं नाव लिवावंच लागतं, आन् नाव लिवलं की स्क्रीन लाल. शेरा निघंना, माल हलंना. गाडी भरून उभी.

“मावशी,” केविलवाणं तोंड करून म्हणले, “मॅडमना तुम्ही फोन करून सांगाल का, की नाव चुकून सांगितलं, कोरडे आहे म्हणून? प्लीज.”

“अडला हरी—” मी सुरू केलं.

“पुढचं म्हणू नका, लंकाबाई,” मागनं दादाभाऊ गाढवे घाईघाईनं म्हणले. अख्ख्या टेबलावर हशा पिकला. त्यांना बी हसू आलं शेवटी, कपाळाला हात लावला.

“मी फोन करीन,” मी म्हणलं. “पण मॅडमना न्हाई. बंगळुराला. लावा.”

लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा लावायला सांगितलं. तिकडनं कुणी तरी हिंदीतनं बोलला, “मॅम, आपके नाम में बॉम्ब है क्या?”

“बॉम्ब नहीं भाऊ, बोंब. सुनाऊं क्या?” मी हात तोंडाशी नेला. मोहित सरांनी तो धरला.

“नहीं नहीं मॅम, एक मिनट.” तिकडं टकटक वाजलं. गोजरबाईनं चहा ओतला व्हता, तो निवला बी नव्हता. “हो गया सर. ये नाम अब चलेगा. इसके लिए तो पहले दिन ही कॉल कर देते.”

फोन बंद झाला. मोहित सर टेबलावरच्या द्राक्षांकडं बगत राहिले.

“सर,” मी म्हणलं, “एक फोन व्हता. एका फोनापायी मी दोन महिने पावणी. त्यापायी तुमी मला लिवून द्यायला सांगितलं, की माज्या नवऱ्याच्या नावाला आक्षेप हाय म्हणून.”

“सॉरी, मावशी. मला वाटलं, फोन केला तर मला साधं नाव भरता येत नाही असं वाटेल त्यांना.” खरं बोलले. डोळ्यांत दिसत व्हतं. पण मी लगेच ‘असू द्या’ म्हणलं न्हाई. आपल्या बायांना त्या ‘असू द्या’ची लई घाई असती. मी म्हणलं, “तो कागद द्या माजा.” दिला. घरी नेला, भाकरीच्या डब्याखाली घातला. आक्षेपार्ह शब्दाला तेवढाच उपयोग.

पाडव्याच्या आदल्या दिवशी टेम्पो वारूळवाडीला थांबला, तसं मी ह्यांना म्हणलं, “उतरा खाली. दोन मिनिटं चला.”

“बाजार व्हईल.”

“बाजार रोज व्हतो.”

आले. रखमाजी वॉचमनजवळ टोपी हातात घेऊन उभे राहिले, कुणी काय विचारंल ह्या भीतीनं. रांगेत माज्या पुढं दादाभाऊ व्हते. यंत्र म्हणलं, “दादाभाऊ गधा वे.” आन् दादाभाऊ ठसकले न्हाईत. यंत्राला म्हणले, “तूच ती,” आन् आत गेले.

मी तोंड पुढं केलं. यंत्रातली बाई एक क्षण थांबली. मला वाटलं, आता काय तरी चेष्टा करती. गोजरला बाय म्हणणारी ती, तिला काय? पण कशी कोण जाणे, बरोबर म्हणली. मोठ्यानं, चौकात ऐकू जाईल अशी.

“लंका भिमाजी बोंबे.”

दांडा फिरला. मी आत गेले न्हाई, मागं वळून बगितलं. हे तिथंच उभे व्हते. टोपी हातातच. जन्मात पहिल्यांदा त्यांचं नाव भर रस्त्यात कुणी मोठ्यानं घेतलं व्हतं, आन् कुणी हसलं नव्हतं. डोळे भरले व्हते त्यांचे. माजे बी.

“आणखी एकदा म्हणंल का ती?” त्यांनी विचारलं.

“आता संध्याकाळी. जाताना.”

त्यांनी मान हलवली. टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली. मग इकडंतिकडं बगितलं, उलटा हात तोंडावर घेतला आन् असली बोंब ठोकली, की रस्त्यावरची मोटारसायकल थांबली.

रखमाजी दचकून खुर्चीवरनं उठला. “अवो भाऊ, शिमगा झाला की कवाच!”

“तुमचा झाला आसंल,” हे म्हणले. “बोंब्यांचा आज हाय.”